गोदूबाईंचं एकतिसावं पुस्तक

रद्दीच्या एका कागदासाठी मरणाच्या दारात टेकलेली बाई पोटच्या पोरीला हॉस्पिटलातून पिटाळते का? माझ्या आईने पिटाळलं. आणि मीही गेले. बडबडत, पाय आपटत, पण गेले. खाण तशी माती, दुसरं काय.

आईचं नाव गोदूबाई. करंजाची कोळीण. उभा जन्म सुकं म्हावरं विकण्यात गेला. बोंबील, सुकट, जवळा, वाकट्या. रोज उरणच्या बाजारात, आणि बुधवारी डोक्यावर पाटी घेऊन एसटीने पनवेलला. आता पनवेललाच एका हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर पडली होती. पित्ताशयाचा कॅन्सर. कळला तेव्हाच हाताबाहेर गेला होता. डॉक्टरांनी मला आणि माझ्या भावाला, प्रणितला, बाहेर बोलावून सांगितलं की आठवडा मिळाला तरी खूप समजा. आम्ही आत गेलो तेव्हा आई म्हणाली, "काय बोलला त्यो? नको सांगू. मना कलला."

मग तिने उशीखालून चौघडी घातलेला एक कागद काढला. पुस्तकाचं फाटलेलं पान, कडेने पिवळं, मधोमध तारेचं भोक. "मोनाली, लाइन आळीत वसुंधराबाईचा पुस्तकांचा दुकान हाय. तिला ह्यो कागद दाखव. पुरं काय झाला, ते मना पायजे. आन मना."

"आई, तुला सलाईन लागलंय आणि तुला पुस्तकं सुचतायत?"

"सलाईन हाताला लागलाय. कानाला नाय."

ह्या बाईशी वाद घालून कोणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. कागद पर्समध्ये कोंबला. जिना उतरताना एकदा उघडून पाहिला, कोणीतरी बाई एसटीत बसलीय एवढंच डोळ्यांपुढे आलं, आणि परत घडी घातली. दिवसभर मी न्हावा शेव्याच्या कंटेनरची कागदपत्रं भरणारी बाई. नोकरीच ती आहे, कस्टमचं काम करणाऱ्या एजंटाकडे. आणखी एक कागद वाचायची मला हौस नव्हती.

ह्या कागदाची तुम्हाला नीट कल्पना यावी म्हणून आईची पद्धत सांगते. सुकं म्हावरं बांधायला ती वर्तमानपत्र वापरत नसे. शाई लागते म्हणायची. रद्दीवाल्याकडून जुनी पुस्तकं घ्यायची, एक पुस्तक मांडीवर पालथं घालायचं आणि मागून एकेक पान फाडत पुड्या बांधायच्या. हाताला तसंच सोयीचं पडायचं. पण आई चौथी पास, आणि अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय तिला राहवत नसे. गिऱ्हाईक समोर खोळंबलेलं, आणि ही बाई हातातलं पान वाचतेय. शेवटाकडून फाडत यायची, त्यामुळे जिथे गोष्ट रंगायची तिथवर ती पोचेपर्यंत पुढची सगळी पानं बोंबलासकट लोकांच्या घरी गेलेली असायची. शेवट आधी जातो, असं ती म्हणायची. एखादं पान फारच मनात बसलं की त्यात पुडी बांधायची नाही. ते कमरेच्या पिशवीत जायचं आणि घरी आलं की चुलीजवळच्या तारेत. लोक बिलं टोचून ठेवतात तसली तार. लहानपणी मला वाटायचं, आईची उधारी आहे ती.

वसुंधरा पुस्तक भांडार शोधायला मला वेळ लागला नाही, आणि त्याचाच मला राग आला. माझ्या ऑफिसपासून फार तर दहा मिनिटं. बारा वर्षं मी पनवेलमध्ये नोकरी करते आणि त्या गल्लीत कधी वळले नव्हते. तीन पायऱ्या, आत अंधारं लांबट दुकान, जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं. टेबलामागे पांढऱ्या केसांची, जाड भिंगांची एक बाई काहीतरी लिहीत होती.

"मॅडम, मला गोदूबाईंनी पाठवलंय," मी म्हणाले. "सुकं म्हावरं विकतात, त्या."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तीन बुधवार झाले, आल्या नाहीत. कशा आहेत?"

मी सांगितलं. जसं होतं तसं सांगितलं, मला गोड करून सांगता येत नाही. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. मग म्हणाल्या, "तू मोनाली. बस."

आता मी बुचकळ्यात. माझं नाव ह्यांना कसं ठाऊक?

त्यांनी खणातून एक जाड रजिस्टर काढलं. त्यांच्या दुकानाची रीत अशी, की नेहमीच्या प्रत्येक वाचकाचं त्यात एक पान. तुम्हाला काय वाचायचंय ते तुम्ही तिथे लिहून ठेवायचं. बाई शोधतात, मिळालं की पुढे तारीख घालतात. वकिलांची पानं होती, कॉलेजातल्या प्राध्यापकांची होती, एका रिक्षावाल्याचं होतं. आणि एका पानावर वर लिहिलं होतं, श्रीमती गोदूबाई, करंजा.

आईचं अक्षर मी ओळखलं. शिरोरेघा नसलेलं, पाटीवर गिरवल्यासारखं मोठं. तिच्या यादीत पुस्तकाचं एकही नाव नव्हतं. तिला नावं कुठून कळणार, मुखपृष्ठ तर रद्दीवाल्याकडेच गळून पडलेलं. तिने आपलं असं लिहिलं होतं:

१. विहिरीत सोन्याची नथ पडली त्या सुनेचे.
४. म्हातारा रोज टपाल पाहायला जातो ते.
९. नवऱ्याला एक डोळा आणि बायको लई भांडखोर.
१७. बोटीवर भूत होते का खरेच ते सांगणारे.

प्रत्येकापुढे निळ्या शाईत वसुंधराबाईंनी पुस्तकाचं खरं नाव लिहिलं होतं आणि मिळाल्याची तारीख. पान आणायचं, बाईंना दाखवायचं, बाईंनी कूळ शोधून काढायचं. कधी लगेच ओळखायच्या, कधी वर्ष लागायचं, जुन्या वाचनालयांना पत्रं घालायच्या. अकरा वर्षांत तीस पानांचे पत्ते लावले होते ह्या दोघींनी. तीस पुस्तकं माझ्या आईने शेवटपर्यंत वाचली होती आणि मला त्यातलं एक ठाऊक नव्हतं.

"घरी तर एकही पुस्तक नाही," मी म्हणाले.

"इथेच वाचायच्या. दर बुधवारी. दोन वाजता माल संपायचा, साडेपाचला करंजाची गाडी. तोवर त्या पायरीवर." त्यांनी दाराकडे हात केला. "आत या म्हटलं तर यायच्या नाहीत. म्हणायच्या, पुस्तकांना वास लागंल, मंग कोन घेनार? मग मीच स्टूल घेऊन बाहेर बसायचे."

मी पायरीकडे पाहिलं. साधी शहाबादी फरशी, एका कोपऱ्यात तडा गेलेली. माझ्या कानशिलात कोणी मारल्यासारखं झालं, कारण ती दोन ते साडेपाचची वेळ ती आधी कुठे घालवायची ते मला ठाऊक होतं. ते पुढे सांगते. लगेच सांगायची माझी हिंमत नाही.

"हा कागद," मी घाईघाईने पर्स उघडली. "ह्याच्या पुढचं हवंय तिला."

"हा एकतिसावा असणार," बाई म्हणाल्या आणि यादीतली शेवटची ओळ दाखवली. ३१. एसटीतून जाणाऱ्या बाईच्या पोरीचे. पुढची जागा कोरी. "सहा वर्षं शोधतेय मी हे. गोष्ट सांगायच्या, पण पान कधी आणलं नाही. दर वेळी म्हणायच्या, कागद घरी हाय."

"कोणती गोष्ट सांगायची?"

"एक कोळीण. तिला सात वर्षांची मुलगी. हुशार. गावात शाळा असते, पण बाईला वाटतं पोर गावात राहिली की शेवटी पाटीच उचलणार. म्हणून ती मुलीला शहरात बहिणीकडे ठेवते. स्टँडवर मावशीचं बोट धरून मुलगी उभी असते. फुलाफुलांचा फ्रॉक, एका चपलेचा पट्टा तुटलेला, सेफ्टी पिन लावलेली. आई गाडीत चढते, बसते, गाडी सुटते, पण ती मागे वळून बघत नाही. मुलगी रडत नाही, हाकसुद्धा मारत नाही. गोदूबाई म्हणायच्या, इथं पान संपतो. आता ती पोर मोठी झाल्यावर आयशीला माफ करते का नाय, एवढाच मना पायजे."

सेफ्टी पिन मीच लावली होती. त्या दिवशी सकाळी, करंजाच्या ओट्यावर बसून.

बाईंनी माझ्या हातातून पान घेतलं, भिंगाखाली धरलं आणि वाचू लागल्या. वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठी पडली. परत वरपासून वाचलं. मग उठल्या, दाराजवळच्या कपाटातून हात घालून एक पातळ पुस्तक काढलं. मिनिटसुद्धा लागलं नाही.

"हे तर विनोदी प्रवासवर्णन आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सहा वर्षं ह्या कपाटात पडून आहे. ह्यात मुलगी नाहीच. एक लठ्ठ बाई एसटीत बसते, खिडकीची काच लागत नाही म्हणून कंडक्टरशी भांडते, गाडी सुटते आणि तिने मागे, असं अर्धं वाक्य येऊन पान संपतं. बघ, पुढच्या पानावर काय आहे. तिने मागे वळून पाहिले आणि छत्री स्टँडवरच राहिली म्हणून बोंब ठोकली."

मी ते वाक्य वाचलं. छत्री. चांगलं विनोदी होतं, एरवी मी हसले असते.

"मग मुलगी कुठून आली?" बाईंनी विचारलं, पण विचारता विचारताच त्या माझ्याकडे बघत राहिल्या. हुशार बाई. माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना उत्तर मिळालं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, आणि मला लोकांसमोर रडण्याची भयंकर चीड आहे.

आईचा घोटाळा झाला असेल असं म्हणू नका. पाचशे पुड्यांतून कुठल्या बाईला सुकट दिलं आणि कुठल्या बाईला जवळा, हे महिन्याने सांगणारी बाई ती. त्या पानात पोरगी नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला कोणाला तरी विचारायचं होतं आणि मला विचारायची सोय मी ठेवली नव्हती. म्हणून तिने यादीत लिहिलं. आणि आता हातात दिवस उरले नाहीत, तेव्हा मलाच तिथे धाडलं. वसुंधराबाईंच्या तोंडून मी ते ऐकावं म्हणून.

आता ती सोय मी कशी मोडली ते सांगते. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. नोकरीला लागून मला वर्षही झालं नव्हतं. आई बुधवारी माल विकून पाटी घेऊन माझ्या ऑफिसात यायची. कुठे बसायचं माहीत नाही म्हणून जिन्याजवळ उकिडवी बसायची, मी सुटेपर्यंत. मग मी तिला एसटी स्टँडवर सोडायचे. तीन-चार बुधवार आली. एक दिवस मुंबईहून कंपनीचे साहेब आले होते. त्यांनी आत येताना नाकाला रुमाल लावला आणि माझ्या शेजारच्या टेबलावरची पोरगी फिदीफिदी हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबावर नाही, त्या पोरीवर नाही. आईवर. मी जिन्यात जाऊन म्हणाले, "आई, इथे येत जाऊ नकोस. वास येतो." ती "बरा" म्हणाली, चुंबळ सारखी केली, पाटी उचलली आणि गेली. परत कधी आली नाही. मीही कधी विचारलं नाही, बुधवारी दुपारी तू असतेस कुठे. मनात म्हणायचे, हिने मला स्टँडवर सोडलं तेव्हा हिने विचारलं होतं का? सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसली मी.

वसुंधराबाईंनी ते विनोदी पुस्तक कागदी पिशवीत घातलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "पुढचं काय वाचायचं ते तुझं तू बघ."

हॉस्पिटलला पोचायला तास लागला. पुलाखाली कंटेनरचे ट्रेलर एकामागे एक अडकलेले, रिक्षा हलेना. मी रिक्षात बसून वाक्यं जुळवत होते. ऑफिसात साहेबाला तीन पानी पत्र मी एका दमात लिहिते. इथे एक ओळ मनासारखी होईना.

आई जागी होती. डोळ्यांचा पिवळेपणा सकाळपेक्षा वाढला होता. प्रणितला मी जेवायला पाठवलं आणि स्टूल ओढून बसले.

"मिलाला काय?"

"मिळालं." मी पुस्तक उघडलं. छत्रीचं पान. "वाचू?"

तिने डोळे मिटले. ऐकायला बसली की ती डोळे मिटायची.

आणि मी वाचायला लागले. त्या पानावर काय छापलंय त्याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. मी म्हणाले, "गाडी गेली तरी मुलगी उभीच राहिली. मावशी म्हणाली, चल, तरी ती हलेना. तिला वाटलं पुढच्या वळणावर गाडी थांबेल. मग ती मावशीच्या घरी राहू लागली. मावशी रोज तिला दोनदा साबण लावायची. शाळेत पोरी नाक दाबायच्या. बुधवारी आई यायची, दारातच उभी राहायची, सुकटाची पुडी मावशीच्या हातात द्यायची. मुलगी आत पुस्तकात डोकं घालून बसायची. आईला दिसावं की मी बघत नाहीये, म्हणून बसायची."

आईच्या ओठांची हालचाल झाली. मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

"मुलगी मोठी झाली. तिला नोकरी लागली. आई तिच्या ऑफिसात आली. आणि मुलगी तिला म्हणाली, येऊ नकोस, वास येतो."

इथे मी थांबले. सलाईनचा थेंब पडताना दिसत होता, त्याच्याकडे मी बघत बसले.

आई डोळे न उघडता म्हणाली, "त्यात पोरीचा काय चुकला? म्हावऱ्याचा वास येतोच."

"चुकलं तिचं."

"तसा लिवलाय?"

"हो. तसंच लिहिलंय."

तिने डोळे उघडले नाहीत. मला वाटलं झोप लागली. मी पान उलटल्याचा आवाज केला आणि म्हणाले, "मुलगी आईला विचारते, तू मागे वळून का नाही बघितलंस?"

"बघितला असता त उतरली असती ना," आई म्हणाली. अगदी लगेच म्हणाली. एवढी वर्षं उत्तर तोंडात धरून बसली होती. "उतरली असती न पोरीला परत घेऊन गेली असती. मंग पोर म्हावऱ्यातच राहिली असती."

मी तिचा हात धरला. सालं निघालेला, मिठाने चिरा पडलेला. धुऊन, औषधं लावूनही बोंबलाचा वास होताच त्याला. मी तो नाकाशी धरला.

"पुरं वाच," ती म्हणाली. "मंग काय झाला? माफ केला काय पोरीनी?"

शेवटची ओळ तयार होती माझ्याकडे. रिक्षात शेवटी जमली होती ती. आता बोलायची तेवढी बाकी होती.

आणि मी काय केलं माहीत आहे? मी शहाणपणा केला. माझ्या मनात आलं, ही बाई एका शेवटासाठी सहा वर्षं थांबलीय. विहिरीतल्या नथेचं काय झालं ते कळायला दोन पावसाळे थांबली. अर्ध्यावर गोष्ट टाकून ती उठलीय असं कधी झालेलं नाही. म्हणजे आज शेवट सांगितला तर ती निघून जाईल, आणि नाही सांगितला तर ऐकायला राहील. डॉक्टरांना काय कळतंय. आणखी एक दिवस मिळेल. एकेक दिवस करत मी तिला आठवडा नेईन, दोन आठवडे नेईन. पानं काय, मी कितीही वाढवू शकत होते, माझ्याच डोक्यातली तर होती.

मी पुस्तक मिटलं. "पाच पानं राहिलीत आई. उद्या वाचते."

तिने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. हसली. "जल्ला, बऱ्या जागेवर थांबवलास," म्हणाली. "उद्या बिगीनं ये."

"लवकर येते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नऊलाच आले. ती झोपली होती. श्वास जोरात चालला होता. दहाच्या सुमाराला नर्सने औषधाची चिठ्ठी दिली. मी खाली दुकानात गेले, रांग होती. माझ्या पुढच्या माणसाला सुटे पैसे हवे होते आणि मी त्याच्याशी भांडले. खरंच भांडले. वर येताना प्रणित जिन्यातच भेटला. त्याचं तोंड बघून मला कळलं.

"उठली होती," तो म्हणाला. "बोलली, बाय कुठं हाय? पुस्तक हाय काय तिच्याजवल? मी बोललो, येतेय. बरा, बोलली. मंग नाय बोलली."

पुस्तक माझ्याच पर्समध्ये होतं. खाली, औषधाच्या रांगेत.

मी त्या दिवशी तिच्याजवळ बसून शेवट वाचला. प्रणितला वाटलं, मला वेड लागलं. नर्सने खांद्यावर हात ठेवला. मी वाचत राहिले, मोठ्याने. पण मेलेल्या माणसाला वाचून दाखवण्यात काय अर्थ आहे? लोक म्हणतात, ऐकत असतात. नाही ऐकत. माझी आई ऐकताना डोळे मिटून मान किंचित डावीकडे करायची. मी बघत होते. मान हलली नाही.

तेराव्यानंतरच्या बुधवारी मी अर्धी सुट्टी टाकून लाइन आळीत गेले. बरोबर चुलीजवळची तार होती. तिच्यात दोन पानं अजून राहिली होती, वसुंधराबाईंकडे कधी न पोचलेली. आणि ते विनोदी पुस्तक. बाई पायरीवर स्टूल टाकून बसल्या होत्या. बुधवारची त्यांची सवय असणार. मला बघून सरकल्या. मी आत गेले नाही, तिथेच खाली फरशीवर बसले, तडा गेलेल्या बाजूला.

"ऐकला त्यांनी शेवट?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी उद्यावर ठेवला." आणि मी सगळं सांगितलं. लबाडी कशासाठी केली तेही सांगितलं.

कोणी दुसरी असती तर म्हणाली असती, जाऊ दे, आईला कळलंच असेल. वसुंधराबाई तसलं काही बोलल्या नाहीत. आत जाऊन रजिस्टर घेऊन आल्या आणि आईचं पान उघडलं. दोन्ही राहिलेली पानं बघितली, बत्तीस आणि तेहतीस आकडा घालून माझ्याकडे पेन दिलं. मी लिहिलं, तुरुंगातून सुटलेल्या भावाचे. आणि, आंबा कोणाच्या वाटणीला गेला ते. आईसारखंच लिहिलं, नाव नाही, नुसतं काय हवंय ते.

"ही आता तुझी यादी," बाई म्हणाल्या. मग त्यांचं बोट एकतीसवर जाऊन थांबलं. पुढची जागा अजून कोरीच होती. "काय होता शेवट?"

मला वाटलं होतं, सांगता येणार नाही. पण आलं सांगता, अगदी सरळ.

"पोरगी म्हणते, आई, बुधवारी ऑफिसात ये. पाटी घेऊनच ये. जिन्यात नको बसू, माझ्या खुर्चीवर बस."

बाईंनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं. त्या कोऱ्या जागेत मी ते लिहिलं. जागा लहान होती, शेवटचे शब्द समासात गेले. तारीख घालू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हणाले. तिला मिळालं असतं तर तारीख.

साडेपाचला मी उठले. सहज म्हणून तिथून चालत ऑफिसला गेले, घड्याळ लावून. आठ मिनिटं लागली. डोक्यावर पाटी असेल तर दहा लागतील.